जुन्या संगणकाला रॅम वाढवताना: स्लॉटमध्ये बसली म्हणून चालेलच असं नाही

संगणक २०१२ सालचा. इंटेलचा आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाचा मुख्य नियंत्रक संच) मदरबोर्ड, रॅमसाठी दोनच स्लॉट आणि त्यांतल्या एकात २ जीबीची एक पट्टी. एका अभ्यासिकेत मुलं त्यावर परीक्षांचे अर्ज भरतात, पीडीएफ वाचतात, व्हिडिओ बघतात. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की माउस अडखळायचा आणि हार्ड डिस्कचा दिवा विझायचं नाव घ्यायचा नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर. रॅम कमी पडते आहे हे सांगायला वेगळ्या तपासणीची गरज नव्हती.

त्यावर उपाय म्हणून ८ जीबीची एक पट्टी आधीच विकत आणलेली होती. डीडीआर३ (म्हणजे डीडीआर रॅमची तिसरी पिढी), १६०० वेगाची, नवी कोरी. ती स्लॉटमध्ये नीट बसत होती, पण संगणक चालू केला की पंखा फिरायचा, दोन-तीन सेकंदांनी थांबायचा, परत फिरायचा. डिस्प्ले नाही. जुनी २ जीबीची पट्टी घातली की सगळं ठीक. विकणाऱ्याचं म्हणणं होतं की पट्टी चांगली आहे. ते खरंही होतं, कारण तीच पट्टी एएमडीच्या प्रोसेसरवर लगेच चालली. म्हणजे पट्टी बिघडलेली नव्हती आणि बोर्डही बिघडलेला नव्हता. दोघांचं जमत नव्हतं, एवढंच.

रॅम घेताना बहुतेक जण तीन गोष्टी विचारतात: डीडीआर कितवी, जीबी किती, वेग किती. या पट्टीच्या तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. चुकली होती ती चौथी गोष्ट, पट्टीवरच्या चिप्सची रचना. ही गोष्ट दुकानात कुणी विचारत नाही आणि जुन्या संगणकाचं सगळं घोडं तिथंच अडतं.

रॅमची पट्टी प्रोसेसरला एका वेळी ६४ बिट देते. हे ६४ बिट पट्टीवरच्या चिप्समध्ये वाटलेले असतात. चिप ८ बिटांची असेल तर ८ चिप्सचा एक गट पुरतो. या गटाला रँक म्हणतात. पट्टीवर अशा १६ चिप्स असतील तर २ रँक झाल्या. चिप ४ बिटांची असेल तर मात्र ६४ बिट भरायला १६ चिप्स लागतात आणि त्या सगळ्या मिळून एकच रँक होते. शिवाय चिपमध्ये माहिती ओळी आणि स्तंभांत ठेवलेली असते; ४ बिटांच्या डीडीआर३ चिपला स्तंभाचा पत्ता ११ बिटांचा लागतो, तर ८ बिटांच्या चिपचं काम १० बिटांत भागतं. आय३-२१२०च्या पिढीतल्या इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांचा मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, ८ आणि १६ बिटांच्याच चिप्स ओळखतो. ४ बिटांची चिप त्याला वाचताच येत नाही. ४ बिटांच्या चिप्स मुळात सर्व्हरच्या रॅमसाठी वापरतात. त्याच चिप्स साध्या पट्टीवर लावून केलेला माल बाजारात ‘फक्त एएमडीसाठी’ या नावानं स्वस्तात मिळतो, कारण एएमडीच्या त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर तो चालतो. काही पट्ट्यांवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. या पट्टीवर नव्हतं.

इथे नुसत्या चिप्स मोजून भागत नाही, हे नीट लक्षात घ्यावं लागतं. ८ बिटांच्या चिप्सच्या ८ जीबी पट्टीवरही १६ चिप्स असतात आणि या पट्टीवरही १६च होत्या. फरक कळतो तो लेबलवरून, नाहीतर चिपवरच्या क्रमांकावरून. चांगल्या पट्टीच्या लेबलवर ‘४जीबी २आर×८ पीसी३-१०६००यू-०९’ अशा धाटणीची एक ओळ असते. ‘२आर×८’ म्हणजे २ रँक, ८ बिटांच्या चिप्स. ‘पीसी३-१०६००’ म्हणजे १३३३चा वेग आणि ‘पीसी३-१२८००’ म्हणजे १६००चा. इथे ‘१आर×४’ दिसलं तर इंटेलच्या जुन्या डेस्कटॉपसाठी ती पट्टी घ्यायचीच नाही. लेबलवर ही ओळच नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं चिपचा जवळून फोटो काढायचा. सॅमसंगच्या चिपवर ‘के४बी४जी०८’ अशी सुरुवात असेल तर ४ गिगाबिटची ८ बिटांची चिप, ‘के४बी४जी०४’ असेल तर ४ बिटांची. हायनिक्सच्या चिपवर ‘एच५टीक्यू४जी८३’ म्हणजे ८ बिटांची आणि ‘एच५टीक्यू४जी४३’ म्हणजे ४ बिटांची. आमच्या हातातल्या पट्टीवर ‘०४’ होतं. तिचं प्रकरण तिथंच मिटलं.

लेबलच्या त्याच ओळीतलं शेवटचं अक्षरही वाचायला हवं. ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉपची रॅम, ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची, ‘ई’ म्हणजे चूक सुधारणारी, आणि ‘आर’ म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. ‘आर’ची पट्टीही २४० पिनांची असते, खाचही त्याच जागी असते, त्यामुळे ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये मजेत बसते. चालू मात्र होत नाही. जुने सर्व्हर मोडीत निघाले की अशा पट्ट्या ढिगानं आणि स्वस्तात येतात. ओळखायची खूण अशी: एका रँकला ८ऐवजी ९ (४ बिटांच्या असतील तर १६ऐवजी १८) चिप्स असतात आणि पट्टीच्या मध्यभागी एक वेगळी, मोठी चिप असते.

आता नवी पट्टी कोणती घ्यायची हे ठरवायचं होतं. यासाठी आम्ही आधी बोर्ड, मग प्रोसेसर आणि शेवटी जुनी पट्टी या क्रमानं जातो. क्रम उलटा केला की गोंधळ होतो. जुनी पट्टी कुणीतरी हाताला लागली म्हणून घातलेली असू शकते, बोर्डाची मर्यादा तिच्यावरून कळत नाही.

बोर्डाचं मॉडेल कॅबिनेट उघडलं की रॅमच्या स्लॉटजवळ किंवा प्रोसेसरच्या खालच्या बाजूला छापलेलं दिसतं. उघडायचं नसेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम ‘मेनबोर्ड’च्या पानावर तेच दाखवतो. ‘मेमरी’च्या पानावर सध्याचा वेग आणि ‘एसपीडी’च्या पानावर प्रत्येक पट्टीची माहिती मिळते. लिनक्सवर हेच काम डीएमआयडीकोड हा प्रोग्राम करतो. मात्र त्यात दिसणारा ‘कमाल क्षमता’ हा आकडा पुष्कळदा चुकीचा असतो, त्यावर खरेदी करू नये. आकडा घ्यायचा तो बोर्डाच्या माहितीपुस्तिकेतून. एच६१ चिपसेटला दोनच स्लॉट चालतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ८ जीबी, एकूण १६. त्यावर १६ जीबीची एक पट्टी चालणार नाही.

प्रोसेसरानं वेग ठरतो. आय३-२१२० डीडीआर३ १३३३पर्यंतच जातो. १६००ची पट्टी घातली तर ती १३३३ने चालते, बिघडत काही नाही. त्यामुळे १३३३ची मिळत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. १६००ची जास्त सहज मिळते, ती घ्यावी. पुढच्या, म्हणजे ३०००च्या मालिकेतल्या प्रोसेसराला १६००चा वेग मिळतो, पण जुन्या एच६१ बोर्डावर तो बसवायचा तर आधी बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अद्ययावत करावं लागतं. गेमिंगच्या नावानं विकल्या जाणाऱ्या, १.६५ व्होल्ट मागणाऱ्या पट्ट्या इथे टाळाव्यात. या प्रोसेसरासाठी इंटेलचा आकडा १.५ व्होल्ट आहे आणि एच६१वर तो जादा वेग मिळतही नाही.

व्होल्टेजचा आणखी एक प्रश्न नेहमी येतो: डीडीआर३एल चालेल का? डीडीआर३एल १.३५ व्होल्टची असते, पण तिच्या मानकातच १.५वर चालण्याची सोय आहे. म्हणून जुन्या डेस्कटॉपला ‘पीसी३एल’ लिहिलेली पट्टी सहसा चालते. उलट दिशेनं जाऊ नये. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांना १.३५ व्होल्टचीच रॅम लागते, त्यात १.५ची साधी डीडीआर३ घातली की डिस्प्ले जातो.

मग ८ जीबीची एक की ४ जीबीच्या दोन? एक ८ची घेतली तर दुसरा स्लॉट पुढच्यासाठी मोकळा राहतो, हा युक्तिवाद बरोबर आहे. तरी आम्ही दोन ४ जीबीच्या घेतल्या. या संगणकाला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पडद्यावरचं सगळं काम रॅमच्याच जोरावर चालतं. १३३३ची एक पट्टी सेकंदाला सुमारे १०.६ जीबी माहिती हलवते. दोन सारख्या पट्ट्या दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, बसल्या की हा आकडा दुप्पट होतो, आणि व्हिडिओ बघताना तो फरक जाणवतो. शिवाय विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ हा प्रोसेसर स्वीकारत नाही. अशा यंत्रावर १६ जीबीची तजवीज करून ठेवण्यात अर्थ नाही. उरलेले पैसे एसएसडीला (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कला) लावावेत, त्याचा उपयोग जास्त होतो.

जुनी २ची ठेवून शेजारी ४ची घातली असती तर ६ जीबी झाली असती आणि तेही चाललं असतं. इंटेलचा कंट्रोलर अशा वेळी दोन्हीकडची २-२ जीबी जोडीनं वापरतो आणि उरलेली २ एकट्यानं. वेग आणि टायमिंग (रॅमला उत्तर द्यायला लागणारा अवधी) मात्र दोन्हींतल्या मंद पट्टीचं लागू होतं.

खरेदी वापरलेल्या मालातली होती. नव्या डीडीआर३ पट्ट्यांमध्ये अनोळखी नावांचा माल फार झाला आहे. कंपन्यांच्या कार्यालयीन संगणकांतून निघालेली सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉनची मूळ पट्टी त्यापेक्षा कितीतरी भरवशाची, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा ठिकाणी त्या मिळतात. विचारताना ‘८ जीबी रॅम द्या’ एवढंच न म्हणता ‘४ जीबी, २आर×८, पीसी३-१२८००यू, दोन सारख्या’ असं सांगितलं. लेबल आणि चिप तिथंच वाचली, आणि परत घ्यायची बोली करून घेतली. दोन पट्ट्यांवर पार्ट नंबर एकच असेल तर उत्तम. कंपनी वेगळी पण रचना तीच असेल तरी सहसा अडत नाही.

याहून जुनं यंत्र असेल तर नियम आणखी कडक होतात. कोअर टू ड्युओच्या काळातल्या जी४१ चिपसेटच्या बोर्डांची मर्यादा ८ जीबी आहे आणि त्यांना २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप्स कळतात. म्हणजे ४ जीबीची पट्टी दोन्ही बाजूंनी भरलेली, १६ चिप्सचीच हवी. आज मिळणाऱ्या ४ जीबीच्या बऱ्याच पट्ट्यांवर ४ गिगाबिटच्या ८ चिप्स असतात आणि त्या जी४१वर चालत नाहीत. पहिल्या पिढीच्या आय३-आय५चे एच५५ बोर्डही याच वळणाचे, ८ जीबीची पट्टी त्यांना नकोच. इथे मात्र चिप्स मोजण्याचा खरा उपयोग होतो. जी४१च्या काही बोर्डांवर डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींचे स्लॉट असतात. एका वेळी एकाच प्रकारची रॅम घालायची, दोन्ही नाही.

बसवायच्या आधी संगणक बंद करून वायर काढली आणि चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच पट्टी धरायची, तीही कडेनं. स्लॉटमध्ये धूळ होती, ती कोरड्या ब्रशनं आणि ब्लोअरनं काढली. वापरलेल्या पट्टीचे सोनेरी संपर्क काळपट असतात, विशेषतः कोकणपट्टीच्या दमट हवेत राहिलेल्या. ते पांढऱ्या मऊ खोडरबरानं एकाच दिशेनं पुसायचे. शाई खोडायचा खरखरीत रबर वापरू नये, तो वरचा सोन्याचा पातळ थर खरवडतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला आणि वाळू दिलं.

पट्टीची खाच मध्यावर नसते, त्यामुळे ती एकाच दिशेनं बसते. डीडीआर२चीही पट्टी २४० पिनांचीच, पण खाच वेगळ्या जागी. डीडीआर४च्या २८८ पिना. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, प्रकार चुकला आहे. दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं सारखी दाबली की बाजूची क्लिप स्वतः मिटते आणि टक असा आवाज येतो. बोर्ड दाबानं वाकत असेल तर खालून दुसऱ्या हाताच्या बोटांनी आधार द्यावा.

चालू केल्यावर डिस्प्ले आला, पण बायोसमध्ये ८ऐवजी ४ जीबीच दिसली. पट्ट्यांची अदलाबदल केली. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या एकेकट्या चालत होत्या, दुसऱ्या स्लॉटमध्ये एकही दिसत नव्हती. अशा वेळी स्लॉट गेला असं म्हणून लोक बोर्ड टाकून देतात. इतक्या लवकर तो निकाल देऊ नये. या पिढीत मेमरी कंट्रोलर प्रोसेसरातच असतो, त्यामुळे प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन नीट टेकली नाही तर एक अख्खा चॅनेल गायब होतो. कूलरच्या चार पिनांपैकी एक सुटलेली निघाली, म्हणजे दाब एका बाजूला जास्त पडत होता. कूलर काढला, प्रोसेसर उचलला, सॉकेटच्या पिना उजेडात तिरप्या धरून पाहिल्या. वाकलेली एकही नव्हती. प्रोसेसर परत ठेवला, जुनी वाळलेली उष्णतावाहक पेस्ट पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी लावली, कूलरच्या पिना समोरासमोरच्या जोडीनं दाबल्या. दुसरा स्लॉट जिवंत झाला आणि ८ जीबी दिसू लागली.

याच वेळी बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदलला आणि बायोसच्या जुन्या नोंदी पुसल्या. रॅम बदलल्यावर जुन्या टायमिंगच्या नोंदी राहिल्या तर काही बोर्ड उगाच अडतात. जुन्या सेलनं संगणकाची तारीखही मागे पडत होती, आणि तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाही.

बायोसमध्ये आकडा बरोबर दिसला म्हणजे रॅम निर्दोष आहे असं नाही. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. एक पूर्ण फेरी तरी व्हायलाच हवी, वापरलेल्या पट्टीला रात्रभर लावून ठेवणं अधिक चांगलं. एक जरी चूक लाल रंगात आली तरी ती पट्टी परत करायची. ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून ठेवलेल्या पट्टीमुळे फाइली हळूहळू खराब होतात आणि दोष हार्ड डिस्कच्या माथी जातो. दोन्ही पट्ट्या एकेकट्या निर्दोष आणि एकत्र घातल्यावरच चुका, असं झालं तर बायोसमध्ये सोय असल्यास वेग १०६६वर आणून पाहावं. त्यानं चुका थांबल्या तर ती जोडी एकमेकींची नाही, दुसरी शोधावी. आमच्या दोन्ही पट्ट्या सकाळपर्यंत शून्य चुकांनी चालल्या.

शेवटची अडचण विंडोजमध्ये निघाली. ‘८.०० जीबी’च्या पुढे कंसात फक्त साडेतीन जीबीच्या आसपास वापरण्याजोगी दाखवत होती. कारण साधं होतं: विंडोज १० ३२-बिटची होती आणि तिला ४ जीबीच्या पलीकडचे पत्ते वापरता येत नाहीत. ३२वरून ६४-बिटवर थेट बढती होत नाही, सगळं नव्यानं टाकावं लागतं. परवाना त्याच आवृत्तीचा असेल तर तोच लागू होतो. आधीच्या फाइलींची प्रत काढली आणि ६४-बिट टाकली. मग ७.९ जीबीच्या जवळपास दिसू लागली. उरलेली थोडी ग्राफिक्ससाठी राखलेली असते, ती तूट नव्हे. ६४-बिट टाकूनही निम्मीच दिसली असती तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमधल्या बूटच्या पर्यायांत ‘कमाल मेमरी’वर खूण आहे का ते बघितलं असतं, आणि जी४१च्या वयाच्या बोर्डावर बायोसमधला ‘मेमरी रीमॅप’ (४ जीबीच्या पलीकडचे पत्ते खुले करणारा पर्याय) चालू केला असता.

आता त्याच यंत्रावर ब्राउझरचे पंधरा टॅब आणि एक मोठी पीडीएफ उघडी असताना मेमरी ६० टक्क्यांच्या आत राहते, आणि डिस्कचा दिवा मधूनमधूनच लुकलुकतो. ८ जीबीची ती ४ बिटांची पट्टी एएमडीच्या यंत्रात कामाला लागली. काढलेली २ जीबीची पट्टी कागदात गुंडाळून, वर ‘२जीबी, १०६००यू, चालू’ असं लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली आहे. पुढे कधी डिस्प्ले गेला तर दोष नव्या पट्ट्यांचा की बोर्डाचा, हे तिच्यावरून दोन मिनिटांत कळेल.